वढवाणा तलाव, रविवार दुपार: दुर्बीण सुचवा (बजेट ६,०००)

रावपुराकर: पक्षी बघायला बडोद्याहून डभोईमार्गे जायचंय. मला चष्मा आहे. दुर्बीण कोणती घेऊ, आणि काठावर उभं कुठे राहू?

मांजलपूर_४२: ८x४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं) घ्या, डोळे मिटून. चष्मा आहे तर आय रिलीफ (डोळा भिंगापासून किती लांब चालतो ते अंतर) १५ मिमीच्या वर बघा, नाहीतर कडेचं दृश्य कापलं जातं. रबरी कप खाली दुमडायचे.

सयाजीगंज: सहा हजारांत काही येत नाही. वीस काढा, ईडी काचेची (कडांना रंग कमी फुटणारी) घ्या. आमच्याकडे तीच आहे.

अडई: १०x५०च. ८x मध्ये मधली बदकं नुसते ठिपके.

मांजलपूर_४२: १०x मध्ये हाताची थरथरही दहापट. आणि तीन वाजता लांबचं धूसर दिसतं ते पॉवर कमी म्हणून नाही, तापलेली हवा लहरते म्हणून. चारनंतर बघा. झूमवाली तर फुकट मिळाली तरी नको.

दांडियाबाजार: वढवाण ना? ते सुरेंद्रनगरकडे आहे.

सयाजीगंज: वढवाणा! सयाजीरावांच्या काळातला तलाव, २०२१ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). आमची ईडी तिथेच वापरतो.

दांडियाबाजार: बरं बरं. येताना सेव-उसळ खा.

थापट्या: दुर्बिणीचं पुरे, आधी ऊन बघा. दुपारी पश्चिम काठ धरा, तोंड पूर्वेला. समोरून ऊन आलं की सगळीच बदकं काळी. ऊन पाठीशी असेल तर नर लगेच ओळखू येतात: नारिंगी डोकं, लाल चोच ती मोठी लालसरी, विटकरी डोकं, राखाडी अंग ती छोटी. पट्टकादंब हंसाच्या डोक्यामागे दोन काळे पट्टे. थव्यातल्या माना एकदम ताठ झाल्या की जागीच थांबा, पुढच्या पावलाला सगळे उडतात.
आणि हो, उजवं भिंग झाकून मधल्या चाकानं डावा डोळा जुळवा, मग डावं झाकून उजव्या डोळ्याकडची कडी फिरवा. हे न करताच लोक दुर्बीण खराब म्हणून परत करतात.

अडई: १०x५०.

रावपुराकर: सगळ्यांचे आभार. मामांच्या कपाटात जुनी ७x५० निघाली, तीच नेतो.

मांजलपूर_४२: किलोभराचं धूड ते! शिवाय डोळ्यात येणारा ७ मिमीचा प्रकाशझोत दिवसा वायाच, उन्हात बाहुली दोन-तीन मिमीच उघडते. निदान मोठं भिंग उजेडाकडे धरून आत बुरशीचे धागे नाहीत ना ते बघा.

रावपुराकर: बघितलं. बुरशी नाही, डाव्या नळीत धुळीचा एक कण आहे. मला सिलिंडर नंबर (दृष्टिवैषम्याचा) नाही, त्यामुळे चष्मा काढला तरी चाकावर जुळतं. मानेला रुतू नये म्हणून रुंद पट्टा तेवढा घेतला.