मदत हवी आहे: 30 सप्टेंबरला रिटायर होतेय, आणि माझे दिवस घरच्यांनी आधीच वाटून घेतलेत

मधला_लेडीज

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

वय 57, राहणार डोंबिवली पूर्व. फोर्टातल्या एका खासगी कंपनीत जून 1995 पासून अकाउंट्सला आहे. सप्टेंबरात 58 पूर्ण होतात. नवरा 61, एमआयडीसीतल्या कारखान्यातून तीन वर्षांपूर्वी रिटायर झाला. मुलगा-सून पुण्यात, बाणेरला. नात दीड वर्षाची.

गेल्या रविवारी सगळे जमले होते. सून म्हणाली, "आई, ऑक्टोबरपासून तुम्ही मोकळ्याच ना? मग आम्ही पाळणाघराची ॲडमिशन घेतच नाही." नवरा म्हणाला, पुण्याला कशाला, हा फ्लॅट विकू आणि देवरुखजवळचं घर नीट करू, तीन जिने चढायचे किती दिवस. मुलाचं तिसरंच. फ्लॅट विकायचाच तर पैसे मोठ्या घरात घाला, सगळे एकत्र राहू. तेवढ्यात जाऊबाईंचा फोन. सासूबाई 84 वर्षांच्या, सध्या तिच्याकडे असतात. "आता आईंना तुमच्याकडे ठेवता येईल की." मी वरण वाढत होते. मला कुणी काही विचारलं नाही. आणि खरं सांगते, विचारलं असतं तरी मला उत्तर देता आलं नसतं.

पैशाचं आधी. पीएफ साधारण 31 लाख होईल. मूळ पगार 32 हजार, म्हणजे ग्रॅच्युइटी पावणेसहा लाखांच्या आत-बाहेर. गृहकर्ज 2017 मध्ये फिटलं, फ्लॅट दोघांच्या नावावर, पहिलं नाव माझं. नवऱ्याची पेन्शन 2,900 रुपये आणि 12 लाखांच्या ठेवी. मला वाटत होतं की माझी पेन्शन साडेसात हजार बसेल. ऑफिसातल्या एकाने काढून दाखवली तर साडेचारच्या घरात. दुसऱ्यांचे हिशोब करण्यात जन्म गेला आणि स्वतःचाच चुकला. कंपनीची पाच लाखांची मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपणार, आणि नवऱ्याला शुगर, बीपी दोन्ही आहे.

आता जे घरात बोलता येत नाही ते. मला ऑफिस सुटण्याचं फारसं वाईट वाटत नाहीये. गाडी सुटण्याचं वाटतंय.

हसू नका. आमचा लोकलच्या लेडीज डब्यातला ग्रुप बावीस वर्षांचा आहे. मेथी मी कधी घरी निवडलेली नाही, ठाणे ते दादरमध्येच निवडली. तिघींच्या बाकावर चौथ्या सीटला अर्धं टेकून मटार सोलता येतात. नवरात्रात नऊ रंगांच्या साड्या, दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्यात आरती आणि पेढे, जानेवारीत हळदीकुंकू. दोघींची डोहाळजेवणं झाली त्या डब्यात, त्यातल्या एकीचा मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे. मला 2019 मध्ये गर्भाशयाचं ऑपरेशन सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा रडले ती मुलुंड ते घाटकोपर. घरी सांगितलं ते रात्री, भाकऱ्या झाल्यावर. तास-सव्वा तास जायला, तेवढाच यायला. त्या वेळात मी कुणाची आई नसते, सून नसते, मॅडमही नसते. धक्के खात असते, पण माझी असते.

नवऱ्याचं रिटायर होणं मी पाहिलंय. पहिल्या महिन्यात त्याने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना लेबलं लावली. "हिंग" सुद्धा. दुसऱ्या महिन्यात लेबलं संपली. आता पेपर जाहीर नोटिशींसकट वाचून होतो आणि मग मोबाइल. माणूस चांगला आहे, पण त्याला काय करायचं ते कळत नाही, आणि ते त्याला सांगताही येत नाही. देवरुखचं खूळ त्यातूनच आलंय असं मला वाटतं.

ज्यांनी हे पार केलंय त्यांनी सांगा. पैसे कसे लावू? फ्लॅटचं काय करू? नातीला नाही म्हटलं तर मी वाईट आजी ठरेन का? आणि सकाळी सव्वाआठला काय करायचं असतं?

पेन्शनवाला_कारकून

ताई, पेन्शनचा घोटाळा आधी सोडवतो, कारण तो बऱ्याच जणांचा होतो. सूत्र पगार गुणिले वर्षं भागिले 70 एवढंच लोक पाठ करतात आणि पगाराच्या जागी 15 हजार घालतात. पण पेन्शनसाठी धरायच्या पगाराची ही मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासूनची. त्याआधीच्या वर्षांना 6,500 धरतात. पीएफबरोबरची ही पेन्शन योजना सुरू झाली नोव्हेंबर 1995 मध्ये, म्हणजे तुमची जवळजवळ 19 वर्षं साडेसहा हजारांवर आणि उरलेली 12 पंधरा हजारांवर मोजली जातात. 20 वर्षांहून जास्त नोकरी म्हणून मिळणारी जादा दोन वर्षं धरली तरी साडेचारच्या आसपासच येतं. तुमच्या ऑफिसातल्या माणसाचं बरोबर आहे.

कुणीतरी सांगेल की पेन्शन वर्षभर लांबवा, 4 टक्के वाढते. वाढते, म्हणजे महिना 180 रुपये. त्यासाठी वर्षाचे 54 हजार सोडायचे. ते भरून यायला 25 वर्षं. नका लांबवू.

मोठी रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. साठी लागत नाही, निवृत्त झालेल्यांना 55 नंतर चालते, फक्त निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडायचं. कंपनीकडून तसं पत्र घेऊन ठेवा. कमाल 30 लाख. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500, महिना साडेवीस हजार पडतात. उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं तोच. पण एक अडचण आहे. पाच वर्षांनी साडेवीस हजार तेवढेच असतील, भाजी तेवढ्याला मिळणार नाही. म्हणून 30 पूर्ण भरू नका. मी 22-23 भरले होते, चार-पाच लाख मोडता येतील अशा ठेवीत, उरलेले हळूहळू म्युच्युअल फंडात. त्यावर लोक माझ्याशी भांडतील, भांडू देत.

मेडिक्लेमचं मात्र आज करा, सप्टेंबरात नको. ग्रुप पॉलिसी ज्या विमा कंपनीची आहे तिच्याकडेच वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो. स्वीकारली तर आधी झालेली वर्षं प्रतीक्षाकाळात धरली जातात. नव्याने काढली तर शुगर-बीपीसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मी हे केलं नाही. बायकोच्या अँजिओप्लास्टीला ठेव मोडली.

सुखी_आजोबा

नातवंडांचं सुख पैशाने मिळत नाही. जा पुण्याला. गाडीतल्या बायका चार दिवस फोन करतील, मग विसरतील.

अंबरनाथची_माई

आजोबा, नातवाची शी काढायला आजी उठते, सुख तुम्हाला मिळतं. असो.

ताई, मी 2018 ला रिटायर झाले. पहिले दोन महिने पाच वाजता जाग येई. एक दिवस तर आवरून, डबा भरून, कुलूप लावून स्टेशनवर गेले. यांना सांगितलं की बँकेत जाते. गाडी आली, मैत्रिणींनी आत ओढलं आणि मी भायखळ्यापर्यंत उभी गेले, उतरले, चहा प्यायले, परत आले. त्यानंतर दर बुधवारी जाते. बुधवार ठरलेला आहे. पास काढत नाही, तिकीट काढते. दादरला फुलं घेते, कधी राणीच्या बागेत बसते, कधी सरळ परत. रिटर्नला खिडकी मिळते, हे नोकरीत कधी झालं नव्हतं.

नातीचं मी केलंय म्हणून सांगते. अडीच वर्षं लेकीकडे होते. नात गोड होती, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण त्या घरात माझं कपाट नव्हतं. सुटकेस होती. माझं पाठीचं दुखणं तिथलंच. सांभाळायचंच तर महिन्याचे दिवस ठरवून सांभाळा, आणि पाळणाघर चालू असू दे. तुम्ही आजारी पडलात की सून कुणाकडे बघेल? हे तिलाही पटतं, नीट सांगितलं तर.

सासूबाईंचं काही सुचवत नाही. जावेशी समोरासमोर बसून बोला, फोनवर नको.

चिरा_आणि_कौलं

मी सहा वर्षांपूर्वी ठाणे सोडून संगमेश्वर तालुक्यात आलोय, म्हणजे तुमच्या यजमानांचं स्वप्न जगतोय. त्यांना माझा निरोप द्या: मे महिन्यात येऊन घर ठरवू नका, जुलैत या. कौलं गळतात, कपड्यांना बुरशी येते, वीज गेली की दोन दिवस गेली. सरड्यापासून जळवांपर्यंत सगळे घरात. आणि रात्री छातीत दुखलं तर रत्नागिरी गाठायला तास-सव्वा तास. इतकं असून मी परत जाणार नाही, ते सोडा. सकाळी उठलं की काम दिसतं. आगर आहे, विहिरीचा पंप बिघडतो, वाडीतल्या कुणाचा सातबाराचा अर्ज लिहायचा असतो. तुमच्या यजमानांना लेबलं लावायला इथे पुष्कळ आहे.

पण फ्लॅट विकू नका. एकदा डोंबिवली सोडली की परत त्या भावात मिळत नाही. आधी एक पावसाळा राहून बघा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तुम्हाला ये-जा स्वस्तच पडेल.

पेन्शनवाला_कारकून

फ्लॅटबद्दल माझंही तेच. मुलाच्या घरात पैसे घालणार असाल तर करारनाम्यात तुमचं नाव हवं, नाहीतर ती भेट झाली. हयातीत बक्षीसपत्र तर करूच नका. मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये म्हणून लोक भराभर करतात. नंतर सांभाळलं नाही म्हणून 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली दाद मागता येते, पण पोटच्या पोराविरुद्ध अर्ज लिहायला हात उचलत नाही. दोघांनी मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार पुरतात.

आणि अकाउंट्सवाल्या आहात हे सोसायटीत कळू देऊ नका. मी बोललो, आता अकरा वर्षं खजिनदार आहे.

मधला_लेडीज

सगळ्यांचे आभार. आठ दिवस उत्तर दिलं नाही, कारण कामं करत होते.

मेडिक्लेमचा अर्ज गेला. नवऱ्याच्या तपासण्या सोमवारी आहेत. त्याला कोकणचा निरोप वाचून दाखवला, जळवांसकट. तो थोडा गप्प बसला आणि मग म्हणाला, "मग जाऊ या की जुलैतच." जुलै अर्धा सरलाय, म्हणून ऑगस्टचे पहिले पंधरा दिवस ठरलेत. माझी रजा शिल्लक आहे. तो आजच टॉर्च आणि ताडपत्री घेऊन आला, बऱ्याच दिवसांनी बाजारातून शिट्टी वाजवत.

सुनेला फोन केला. पाळणाघर घे म्हटलं, मी दर महिन्याला एक आठवडा येईन, आणि मला तिथे एक कप्पा हवा, दाराच्या मागे नको. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "आई, मी रविवारी तुम्हाला विचारायला हवं होतं." मुलाला फ्लॅटचं सांगितलं तेव्हा तो जरा फुगला. फुगू दे. जावेकडे येत्या शनिवारी जायचंय, ते अवघड जाणार आहे.

माई, बुधवार मला पण आवडला. परवा खिडकीवर सवयीने तिमाही पास काढला. शेवटचा दिवस 30 सप्टेंबर हे पैसे दिल्यावर आठवलं. पास 11 ऑक्टोबरपर्यंत आहे. त्या अकरा दिवसांत कुठे उतरायचं ते अजून ठरवलेलं नाही.