प्रतिसाद: याकिनिकू आणि ‘आपणच भाजायचं तर पैसे कशाचे?’

वर एकांनी विचारलंय की मांस आपणच भाजायचं, तर जपानी याकिनिकूवाले (टेबलावरच्या जाळीवर आपणच मांसाचे काप भाजून खायची हॉटेलं) पैसे कशाचे घेतात? मुख्यतः कापण्याचे. गाईच्या जिभेचा काप जरा जाड झाला तर चिवट लागतो, पातळ झाला तर क्षणात करपतो. जाळी स्वच्छ असतानाच मीठ-लिंबाची जीभ आधी मागवतात आणि सॉसमध्ये मुरवलेलं मांस नंतर. कारण सॉसमधली साखर जाळीला चिकटून जळते. अशी काळी जाळी बदलून मागायला अजिबात लाजू नका.

कच्च्या मांसाचा चिमटा मात्र वेगळाच ठेवा, कच्चं मांस उचललेल्या चॉपस्टिक्सनी खाऊ नका. २०११ मध्ये तिथल्या एका याकिनिकू साखळीत कच्चं गोमांस खाऊन ई. कोलाय या जिवाणूच्या संसर्गाने ५ जण दगावले होते. २०१२ च्या जुलैपासून गाईचं कच्चं यकृत वाढण्यावर बंदीच आली.

‘हवं तेवढं खा’वाल्या योजनेत बहुधा ९० किंवा १२० मिनिटं मिळतात आणि शेवटची ऑर्डर त्याच्या बरीच आधी घेतात. ताटात टाकलंत तर काही ठिकाणी जादा पैसे लावतात (आपल्याकडच्या बुफेतही हे हवं!). एकटे असाल तर ‘याकिनिकू लाइक’ बघा. २०१८ मध्ये तोक्योच्या शिंबाशीत सुरू झालं, प्रत्येकाला स्वतंत्र छोटी शेगडी.

गोमांस न खाणाऱ्यांना चिकन, डुक्कर, कोळंबी बहुतेक ठिकाणी मिळते, पण जाळी सगळ्यांची एकच. ते चालणार नसेल तर टेबल वेगळं घ्या.