करजणजवळ पिकअप कलंडली, मागे किरणोत्सारी गेजची पेटी होती. भावाला धोका आहे का?

दांडियाबाजारची_ताई

नमस्कार. आम्ही बडोद्याचे. माझा धाकटा भाऊ रस्त्याच्या कामावर लॅब टेक्निशियन आहे. भरावाचा थर दाबून झाला की डेन्सिटी गेजने त्याचा घट्टपणा आणि ओल मोजायची, हे त्याचं काम. परवा संध्याकाळी करजणच्या अलीकडे ट्रकने मागून ठोकलं आणि त्यांची पिकअप कलंडली. ड्रायव्हरचा खांदा निखळला, भावाला खरचटलं. गेजची पिवळी पेटी हौद्यातून निसटून रस्त्याच्या कडेला पडली, एक कोपरा चेपला. साहेबांना फोन केला तर म्हणाले, "कुलूप शाबूत आहे ना? मग दुसऱ्या गाडीत टाक आणि घेऊन ये." त्याने आणि आणखी एकाने मिळून ती उचलली. घरी आल्यावर त्याच शर्टाने त्याने माझ्या तीन वर्षांच्या लेकीला कडेवर घेतलं.

पेटीवर तीन पात्यांचं चिन्ह आहे आणि खाली ७ आकडा. आई कालपासून त्याचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवते आहे, लेकीला मामाजवळ जाऊ देत नाही. तो काही बोलत नाही, पण त्याला ते फार लागलंय. कोणी जाणकार असेल तर कृपया सांगा.

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला

ताई, आईंना सांगा, कपडे नेहमीच्या धुण्यात टाकायला हरकत नाही. कोयलीच्या बाजूच्या कारखान्यांत मी तीस वर्षं टाक्यांवरची लेव्हल गेज सांभाळली, त्यातली निम्मी आरएसओ, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी म्हणून. एक्स-रे काढून आलेल्या माणसाच्या अंगाला एक्स-रे चिकटून येत नाहीत, तसंच हे आहे. गेजमधला सोर्स, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ, स्टीलच्या कॅप्सूलमध्ये वेल्ड करून बंद केलेला असतो. ती कॅप्सूल फुटल्याशिवाय शर्टाला काही लागत नाही आणि लेकीलाही काही होत नाही.

आता आकडे सांगतो, म्हणजे मनातलं भय थोडं मोजता येईल. अशा गेजमध्ये साधारण ३०० मेगाबेक्वेरल (किरणोत्साराचं एकक) सीझियम-१३७ असतं, आणि ओल मोजण्यासाठी बेरिलियमबरोबर अमेरिशियम-२४१. हे सीझियम कवचाबाहेर उघडं पडलं, तरी एक मीटरवर तासाला सुमारे २५ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे अंगाला मिळणारी मात्रा. निसर्गातून आपल्याला चारेक दिवसांत मिळतं तेवढं. पण तीच कॅप्सूल बोटांत धरली तर अंतर सेंटिमीटरवर येतं आणि मात्रा दहा हजार पट होते. म्हणून पेटीजवळून गेलेल्या माणसाची मला काळजी नाही. कॅप्सूल सापडून ती खिशात घालणाऱ्याची आहे.

आणि म्हणूनच "कुलूप शाबूत आहे ना" हे वाक्य वाचून मला खरोखर राग आला. कुलूप शाबूत म्हणजे सोर्स आत आहे, असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात एका खाणीतलं गेज ट्रकने पर्थला पाठवलं होतं. वाटेतल्या हादऱ्यांनी बोल्ट निघाला आणि त्याच्या भोकातून कॅप्सूल रस्त्यावर पडली. ८ मिलिमीटर लांब, ६ मिलिमीटर जाड, आणि रस्ता सुमारे १४०० किलोमीटरचा! गाड्यांवर डिटेक्टर लावून शोधली. १ फेब्रुवारीला रस्त्यापासून दोन मीटरवर सापडली. आपल्याकडे तशी वस्तू भंगारवाल्याच्या हाती लागली तर काय होतं, ते दिल्लीतल्या मायापुरीने २०१० साली दाखवलं आहे. तिथे कोबाल्ट-६० होतं आणि एक माणूस गेला.

तुमची पेटी बहुधा टाइप ए, म्हणजे किरणोत्सारी माल नेण्याच्या त्या प्रकारची, असणार. तिची चाचणी १.२ मीटरवरून पाडून, वरून ६ किलोची सळई टाकून घेतात. नेहमीच्या हाताळणीतली आदळआपट त्यात गृहीत धरलेली आहे, ट्रकची धडक नाही. त्या जागीच सर्व्हे मीटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारा मीटर, लावायला हवा होता. लेबलवर ट्रान्सपोर्ट इंडेक्स लिहिलेला असतो. तो ०.५ असेल तर एक मीटरवर तासाला ५ मायक्रोसिव्हर्टच्या आत दिसलं पाहिजे. जास्त दिसलं तर कवच हललंय. काहीच दिसलं नाही तर त्याहून वाईट, म्हणजे सोर्सच आत नाही.

भावाकडे मीटर होता का? टीएलडी बॅज, म्हणजे अंगाला मिळालेली मात्रा नोंदवणारा बिल्ला, घातला होता का?

दांडियाबाजारची_ताई

काका, वाचून आई रडली. मीटर साइट ऑफिसात आहे म्हणे, गाडीत कधीच नसतो. बॅजही तिथेच, कपाटात.

हायवे_१०८

मी ॲम्ब्युलन्सवर ईएमटी आहे, बरीच वर्षं याच हायवेवर. एक सांगावंसं वाटतं. ते चिन्ह दिसलं की लोक लांब पळतात आणि आत अडकलेला माणूस तसाच राहतो. असं करू नका. आधी जखमी बाहेर काढा, रक्त थांबवा. पेटीला हात लावू नका आणि बघ्यांना २५-३० मीटर मागे ठेवा. गाडी पेटली असेल तर धूर जिकडे जातोय तिकडे उभे राहू नका. आम्हाला फोन करतानाच चिन्हाबद्दल सांगा. आपल्या जरोदला एनडीआरएफची सहावी बटालियन आहे, किरणोत्सर्गाच्या घटनांचंही प्रशिक्षण घेतलेली. पण त्यांना कोणी कळवलं तर ते येणार.

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला

बरोबर बोललात.

ताई, भावाला सांगा, आजच आरएसओला लेखी कळव, तोंडी नको. अपघात, वेळ, चेपलेला कोपरा, सगळं लिही. पेटी कुलूपबंद खोलीत राहू दे. मीटरने तपासून सोर्सची लीक टेस्ट, म्हणजे पुसून घेतलेल्या बोळ्याची तपासणी, होईपर्यंत ते गेज साइटवर न्यायचं नाही. एईआरबीला, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाला, कळवणं ही परवानाधारकाची जबाबदारी आहे. ते टाळाटाळ करत असतील तर भावाने स्वतः कळवावं. आणि जिथे पेटी पडली तिथे मीटर फिरवलाच पाहिजे, तिथे शेतावर जाणारी माणसं असतात.

दांडियाबाजारची_ताई

आरएसओंशी बोलणं झालं, ईमेलही गेली. ते भरूचहून मीटर घेऊन निघालेत, आधी पेटी तपासणार, मग करजणला जाणार. जागा नेमकी दाखवता यावी म्हणून भाऊ ड्रायव्हरला दवाखान्यात फोन करून विचारतोय, किलोमीटरचा दगड कोणता होता.