थाई सूनबाईचं ऐरोलीतलं पहिलं सोंगक्रान: तयारी काय करू?

आमची सून चिआंग मायची. तिकडचं नववर्ष १३ ते १५ एप्रिल. फोटोत तर रस्तोरस्ती पिचकाऱ्याच दिसतात, पण ती म्हणते, "आई, मला तुमच्या हातावर पाणी घालायचंय." हे कसं करतात? तिला परकं वाटू नये, एवढंच मनात आहे.

उत्तर: काकू, घराघरांतला सण तोच. बँकॉकला असताना शेजारच्या आजींकडे पाहिलाय. आधी बुद्धमूर्तीला स्नान. मग आजी खुर्चीत, जोडलेले तळवे पुढे, खाली परात. मोगरा आणि गुलाबपाकळ्यांचं पाणी नातवंडं वाटीने हळूच ओतत होती, वर्षभराच्या चुकांची माफी मागत होती. आजी ओल्या हातांनीच आशीर्वाद देत होत्या.

उत्तर: मोगरा जांभळी नाक्यावरून आणा. आदल्या रात्रीच पाण्यात टाका, वास छान उतरतो.

काकू: बुद्धमूर्ती घरात आहेच. १४ला आंबेडकर जयंतीची सुट्टी, लेकही घरी. त्यानेही पाणी घालायचं ना?

उत्तर: हो, नक्की! आणि तिच्या आईबाबांना व्हिडिओ कॉल लावा. सकाळी लवकर, तिथलं घड्याळ दीड तास पुढे आहे.