सरकारी इस्पितळांची टेंडरं: लहानांनी लढवायची की सोडून द्यायची?

कुंडईची शिलाईवाली

गोव्यात कुंडई औद्योगिक वसाहतीत माझं शिलाईचं युनिट आहे. ११ मशिनी, ९ बायका. हॉटेलांच्या चादरी आणि अभ्रे शिवतो. जूनमध्ये हॉटेलं थंडावली की आमच्याही मशिनी बंद पडतात. इस्पितळाला ऑफ सीझन नसतो, म्हणून गेल्या वर्षी एका सरकारी इस्पितळाच्या कापडाच्या टेंडरला उतरले. चादरी, ड्रॉ-शीट (रुग्णाच्या कमरेखाली आडवी घालायची छोटी चादर), रुग्णांचे सदरे-पायजमे, ऑपरेशन थिएटरचे हिरवे गाऊन. यातलं आम्हाला शिवता येत नाही असं काहीच नाही. पण अट होती तीन वर्षांच्या सरासरी २ कोटी उलाढालीची, आणि १०० खाटांच्या इस्पितळाला माल दिल्याच्या दाखल्याची. तांत्रिक लिफाफ्यातच बाद झाले. दराचा लिफाफा उघडलाच नाही.

वर्षभर यावर विचार केला. आम्ही दरात हरत नाही, तारखेत हरतो. टेंडर निघतं, आम्ही कागद गोळा करत बसतो आणि तोवर प्री-बिड बैठक, म्हणजे दर भरण्याआधी इच्छुकांच्या शंका ऐकायची बैठक, होऊन जाते. अटी बदलून घेण्याची संधी तेवढी एकच असते. मी नंतर त्या बैठकीचं इतिवृत्त मागवून वाचलं. ११ लेखी प्रश्न होते, सगळे राज्याबाहेरच्या पुरवठादारांचे. त्यातल्या चारांवर शुद्धिपत्रकही निघालं. गोव्यातला एकही शिवणारा तिथे नव्हता, मीसुद्धा नव्हते.

लहानांनी तिथे जाऊन मागायला हवं, की टेंडर आयटमवार, म्हणजे एकेका वस्तूचं वेगळं काढा आणि उलाढालीची अट मागवलेल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात ठेवा. मोठ्या टेंडरच्या आधी आरोग्य केंद्रांच्या छोट्या कोटेशनांची कामं करून दाखला जमवायचा. विरोध असेल तर जरूर मांडा, मला ऐकायचाय.

स्टोअरमध्ये २२ वर्षं

ताई, मी विरोधातच लिहितोय, राग मानू नका. सरकारी इस्पितळाच्या भांडारात माझी उमेदीची वर्षं गेली. अटी लहानांना अडवायला घालत नाहीत, आम्ही पोळलेले असतो म्हणून घालतो.

एकदा एका नव्या स्थानिक युनिटला ड्रॉ-शीटचं काम दिलं होतं. नमुन्याचे तीन नग उत्तम होते. ठोक माल आला, मी चलानावर सही केली, चादरी वॉर्डात गेल्या. दुसऱ्या धुलाईनंतर सिस्टर चादर हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. चार इंच आकसली होती, गादीखाली खोचता येत नव्हती. बदलून मागितली तर त्या माणसाकडे नवीन कापड घ्यायला पैसे नव्हते, कारण त्याचं पहिलं बिल आमच्याचकडे अडकलेलं. दोघांचंही खरं होतं, आणि रुग्ण रेक्झिनवर झोपत होता.

आयटमवार टेंडर म्हणजे एकाच्या जागी १४ पुरवठादार, १४ करार, १४ बिलं. भांडारात माणसं तेवढीच. पुरवठ्यात खंड पडला की काय होतं ते मे २०२१ मध्ये गोव्याने पाहिलंय. गोमेकॉतल्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातल्या) ऑक्सिजनचा विषय उच्च न्यायालयात गेला होता. सिलिंडरच्या ट्रॉल्या बदलताना दाब पडतो, असं तेव्हा प्रशासनच सांगत होतं. चादर म्हणजे ऑक्सिजन नव्हे, मान्य. पण भांडार चालवणारा माणूस दोन्हीकडे त्याच भीतीने बघतो.

म्हापशाचा सीए

दोघांच्या मध्ये नियम काय म्हणतात तेवढं सांगतो, कारण निम्मी मंडळी इथेच गोंधळतात.

सूक्ष्म-लघु उद्योगांकडून खरेदीचा केंद्राचा आदेश २०१२ चा. २० टक्के खरेदीचं लक्ष्य २०१५ पासून सक्तीचं झालं, २०१८ मध्ये ते २५ टक्क्यांवर नेलं, त्यात ३ टक्के महिला उद्योजकांसाठी. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची केंद्राकडची नोंदणी) असेल तर टेंडरचे कागद फुकट आणि बयाणा रक्कम माफ. बयाणा एरवी २ ते ५ टक्के असतो, म्हणजे ४० लाखांच्या टेंडरला ८० हजार ते २ लाख. दराचीही सवलत आहे. समजा एका मोठ्या कंपनीचा सर्वांत कमी दर चादरीला २०० रुपये आला आणि ताईंनी २२५ भरला. १५ टक्क्यांच्या आत, म्हणजे २३० पर्यंत असल्यामुळे त्यांना २०० वर यायची संधी मिळते आणि चतुर्थांश माल त्या देऊ शकतात. २,००० चादरी असतील तर ५००.

पण हा आदेश केंद्राच्या मंत्रालयांना, खात्यांना आणि सार्वजनिक उपक्रमांना आहे. राज्याच्या आरोग्य खात्याला किंवा गोमेकॉला तो आपोआप लागू होत नाही. टेंडरात काय लिहिलंय तेच धरायचं. धारगळला २०२२ पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आहे, ती आयुष मंत्रालयाखालची. पेडण्या-डिचोलीच्या लोकांनी जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, तिच्या खरेदीवर नजर ठेवावी.

दोन सावधगिऱ्या. बयाणा माफ झाला तरी काम मिळाल्यावरची सुरक्षा ठेव सहसा माफ होत नाही, ती बँक गॅरंटीत अडकते. आणि या सवलती बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहेत, नुसत्या व्यापाऱ्याला नाहीत. २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती. मुंबईहून हातमोजे आणून विकणारे इथेच फसतात. शिवाय त्यांना वैद्यकीय उपकरणं विकायची एमडी-४२ नोंदणी लागते, ती बऱ्याच जणांकडे नसते.

वेर्ण्याचा खोकेवाला

सगळं बरोबर असेल, पण मी सांगतो: जाऊ नका. मी पुठ्ठ्याचे खोके बनवतो. एका सरकारी कार्यालयाला माल दिला, चलानावर शिक्का मिळाला आणि बिल आठ महिन्यांनी निघालं. आधी इन्स्पेक्शन नोट नाही, मग साहेबांची बदली, मग मार्चअखेर निधी संपला. त्या आठ महिन्यांत मी कॅश क्रेडिटवर व्याज भरत होतो आणि पगार बायकोच्या ठेवीतून केले. नफा ९ टक्के धरला होता, हातात काहीच राहिलं नाही.

त्यापेक्षा आपल्याकडे एवढ्या औषध कंपन्या आहेत, त्यांचे उपपुरवठादार व्हा. सरकारी टेंडर त्यांनी लढवावं, थांबायचं बळ त्यांच्याकडे आहे. आपण ६० दिवसांत पैसे घेऊन झोपावं.

म्हापशाचा सीए

दादा, लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात बिल चुकवायला ४५ दिवसांची मुदत आहे. ती उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. अडकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. फक्त माल देण्याआधी उद्यम नोंदणी झालेली हवी.

वेर्ण्याचा खोकेवाला

कायदा मला माहीत आहे. अर्जही भरून ठेवला होता. टाकला नाही, कारण पुढचं कोटेशन त्याच टेबलावर जाणार होतं. कारखान्यात १२ माणसं असलेला मालक सरकारवर दावा लावून पुन्हा त्याच दारात उभा राहू शकतो का, ते सांगा.

बांबोळीची नर्स

मी इतका वेळ नुसती वाचत होते. खरेदी, कायदा, बिल, सगळं झालं. तो कपडा अंगावर घालणाऱ्याबद्दल कुणी बोललं नाही.

मी ऑर्थोपेडिक वॉर्डात आहे. पाय मोडलेल्या माणसाला बाहेरून सळ्या लावलेल्या असतात. येणारा पायजमा साधा, सरळ पायाचा. तो सळ्यांवरून चढत नाही. म्हणून आम्ही कोरा पायजमा घेतो आणि कात्रीने मांडीपर्यंत फाडतो. कितीतरी वर्षं फाडतोय. टेंडरच्या तपशिलात ‘पायजमा, सुती, मोठा’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि दरवर्षी तोच कागद पुढे जातो. बाजूने नाड्या बांधायचा पायजमा शिवायला किती जास्त कापड लागेल? बहुतेक काहीच नाही. पण मोठा पुरवठादार हे बघायला वॉर्डात येणार नाही, त्याचा माल एकाच मापाने सगळ्या राज्यांत जातो. कुंडईहून ताई अर्ध्या तासात येऊ शकतात.

स्टोअरवाले दादा, आकसलेली चादर तुमच्याकडे आणणाऱ्यांत मीही असते. पण दोन कोटींच्या उलाढालीने चादर आकसायची थांबत नाही, हेही आम्ही पाहिलंय.

स्टोअरमध्ये २२ वर्षं

सिस्टर, हे पटलं. कपड्यापुरतं पटलं. टाके घालायचा धागा, आयव्ही सेट, लॅबची रसायनं यांत मी अनुभवाची अट सोडणार नाही. केंद्राने स्टार्टअप आणि लहान उद्योगांना अनुभव-उलाढालीत सूट दिली, तेव्हाही सार्वजनिक सुरक्षा आणि आरोग्याच्या वस्तूंना जुना अनुभवी पुरवठादार पसंत करायची मुभा ठेवलीच आहे. पायजम्याला ती मुभा वापरणं मात्र अती होतं, कबूल.

ताई, मला एवढंच सांगा: तुमच्या दोन मशिनी बंद पडल्या आणि ऐन चतुर्थीत बायका रजेवर गेल्या, तर माझ्या ४०० चादरींचं काय?

कुंडईची शिलाईवाली

दादा, ही भीती रास्त आहे. तिला उलाढालीचा आकडा हे उत्तर नाही, लेखी जोडीदार हे आहे. मडकईच्या एका युनिटशी बोलणं झालंय. एकीचं काम अडलं तर दुसरी त्याच कापडावर, त्याच मापात पुरं करणार. स्टॅम्प पेपरवर करार करून तो टेंडरला जोडणार. चतुर्थीचा माल जुलैतच देईन, ठेवायला तुमच्याकडे रॅक हवा.

आणि आकसण्याची अट मीच मागणार आहे, तीही कडक. नमुना पुरवठादाराने दिलेला नको, ठोक मालाच्या गठ्ठ्यातून भांडारवाल्याने स्वतः उपसलेला हवा. तीन धुलाया करा, ५ टक्क्यांहून जास्त आकसला तर सगळा लॉट परत. उलाढालीची अट काढून त्या जागी ही घाला, असं लेखी देणार. यात मी हरले तर तक्रार नाही.

खोकेवाले दादा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मी माझ्यापुरता हिशेब असा केलाय, की सहा महिन्यांचं बिल अडकलं तरी पगार होतील एवढाच माल घ्यायचा. म्हणजे मोठं टेंडर मिळालं तरी मी पूर्ण घेणार नाही. म्हणूनच मला आयटमवार हवंय.

वेर्ण्याचा खोकेवाला

एवढं करून जाताय तर जा. माझं मत बदललेलं नाही. दर भरताना सहा महिन्यांचं व्याज चादरीच्या किमतीत धरा, मी धरलं नव्हतं. त्यामुळे तुमचा दर वर गेला आणि काम सुटलं तर सुटू द्या.

बांबोळीची नर्स

ताई, प्री-बिडची तारीख लागली की कळवा. वॉर्डात या, मापं घ्या. फाडलेला एक पायजमा मी मेट्रनना विचारून बाजूला काढून ठेवते. बैठकीत तुमच्या नाडीवाल्या पायजम्याशेजारी तोही ठेवा.