अमेरिकेतील फेडरल तुरुंगातून अपील: वीस दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे?

एडिसनची_मावशी
नमस्कार. माझा भाचा अमेरिकेतील एका फेडरल तुरुंगात शिक्षा भोगत आहे. त्याला मधुमेह असून डोळ्यांच्या तज्ज्ञाकडे नेण्याची शिफारस होऊनही कित्येक महिने त्याला नेलेले नाही. त्याने आधी तुरुंगातील काउन्सेलर या कर्मचाऱ्यामार्फत बीपी-८ (अनौपचारिक तक्रार) आणि नंतर वॉर्डनकडे, म्हणजे तुरुंगप्रमुखाकडे, बीपी-९ (औपचारिक तक्रार) हा अर्ज दिला. वॉर्डनच्या उत्तरावर ३ तारखेची सही आहे, पण तो कागद भाच्याच्या हातात पडला १४ तारखेला. उत्तराच्या शेवटी ‘हे केवळ माहितीसाठी आहे’ असे वाक्य आहे, त्यामुळे तक्रार मान्य झाली की फेटाळली गेली, हेच आम्हाला उमगत नाही. दरम्यान मी स्वतः तुरुंग खात्याच्या विभागीय कार्यालयाला सविस्तर पत्र पाठवले. ते अपील म्हणून धरले जाईल का? आणि अपिलाचे वीस दिवस ३ तारखेपासून मोजायचे की १४ पासून?

कागदपत्रवाला
मी येथे एका वकिलांच्या कार्यालयात साहाय्यक म्हणून काम करतो. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण घाई त्याचीच आहे. नियमानुसार वीस दिवस वॉर्डनने सही केलेल्या तारखेपासून मोजले जातात आणि ते सलग दिवस असतात, म्हणजे शनिवार-रविवारही त्यात आले. त्यामुळे आपली मुदत २३ तारखेला संपते. अकरा दिवस टपालात किंवा कोणाच्या टेबलावर गेले, हा दोष कैद्याचा नसला तरी तो तसा नव्हता हे त्यालाच दाखवावे लागते. म्हणून त्याने आजच काउन्सेलरकडे, उत्तर १४ तारखेला मिळाल्याचे तुरुंगाच्या लेटरहेडवर लिहून मागावे. उशिरा आलेले अपील परत पाठवताना नेमका हाच कागद मागितला जातो.

‘केवळ माहितीसाठी’ या शब्दांना भुलू नये. तज्ज्ञाकडे नेले नाही, म्हणजे मागितलेले मिळालेले नाही. तेव्हा पुढची पायरी चढलीच पाहिजे. ती पायरी म्हणजे विभागीय संचालकांकडे बीपी-१० आणि त्यांच्या सहीपासून तीस दिवसांत वॉशिंग्टन येथील केंद्रीय कार्यालयातील जनरल काउन्सेलकडे (खात्याच्या मुख्य विधी अधिकाऱ्याकडे) बीपी-११. प्रत्येक अपिलासोबत खालच्या अर्जाची आणि उत्तराची प्रत जोडावी लागते. शिवाय बीपी-९ मध्ये जो मुद्दा नव्हता तो अपिलात घालता येत नाही. बीपी-९ मध्ये फक्त डोळ्यांविषयी लिहिले असेल आणि आता इन्सुलिनच्या वेळांचीही तक्रार करायची असेल, तर तिच्यासाठी वेगळा बीपी-९ भरावा.

आपल्या पत्राबद्दल लिहिताना वाईट वाटते, पण ते अपील ठरत नाही. नातेवाइकांनी, वकिलांनी किंवा दुसऱ्या कैद्याने मजकूर लिहिण्यास मदत केली तर चालते, मात्र कैद्याच्या वतीने अर्ज दुसऱ्या कोणाला सादर करता येत नाही. आपण तोच मजकूर त्याला पाठवा आणि तो त्याच्या हाताने बीपी-१० वर उतरू द्या.

एडिसनची_मावशी
मनःपूर्वक आभार. वरच्या कार्यालयांनी उत्तरच दिले नाही तर काय करायचे? आमचे वकील म्हणतात की हे सगळे संपल्याशिवाय कोर्टाचे दार उघडत नाही.

कागदपत्रवाला
वकील बरोबर सांगत आहेत. 1996 च्या कायद्याने तुरुंगातील परिस्थितीविषयीच्या दाव्याआधी उपलब्ध असलेले सर्व प्रशासकीय उपाय संपवणे बंधनकारक केले आणि सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये कॅलिफोर्नियातील एका प्रकरणात स्पष्ट केले की मुदती पाळूनच ते संपवावे लागतात. त्याआधी 2001 मध्ये असेही ठरले होते की कैद्याला पैसेच हवे असले आणि तक्रार यंत्रणा पैसे देऊ शकत नसली, तरीही पायऱ्या टाळता येत नाहीत.

उत्तर न येणे ही मात्र अडचण नाही. वॉर्डनला 20, विभागाला 30 आणि केंद्रीय कार्यालयाला 40 दिवस असतात, आणि त्यांना अनुक्रमे 20, 30 आणि 20 दिवसांची वाढ घेता येते. वाढीसह मुदत उलटली की मौन म्हणजे नकार, असे कैद्याने समजावे. लोक चुकतात ते इथेच, कारण वॉर्डन गप्प राहिले म्हणजे प्रक्रिया संपली असे त्यांना वाटते. त्या मौनाने फक्त वरच्या पायरीवर जाण्याचा हक्क मिळतो.

सदाशिव_पेठी_वकील
भारतातल्या वाचकांना हे विचित्र वाटेल. आपल्याकडे तिहारमधून सुनील बत्रा यांनी दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने तेच बंदिप्रत्यक्षीकरणाची याचिका म्हणून ऐकले. मूलभूत हक्काचा प्रश्न असेल तर उच्च न्यायालयही ‘आधी कारागृहातील तक्रारपेटी वापरलीत का’ असे म्हणून दार लावून घेत नाही. अमेरिकेत तसे पत्र बहुधा दाव्याआधीच अडले असते.

तीन_वर्षे_वाट
माझे पती या सगळ्यातून गेले आहेत, म्हणून दोन गोष्टी सांगते. भाच्याला प्रत्येक अर्जाची हाताने लिहिलेली नक्कल घरी पाठवायला सांगा, कारण कैद्याला एकांत कोठडीत हलवले किंवा दुसऱ्या तुरुंगात नेले की त्याचे सामान आठवडेच्या आठवडे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आमचा एक बीपी-१० प्रती जोडल्या नाहीत म्हणून परत आला, आणि प्रती होत्या त्या बंद खोक्यात. अशा वेळी परतीच्या नोटिशीत दुरुस्तीसाठी दिलेली मुदत वाचावी आणि सामान मिळत नसल्याचे लेखी मागून घ्यावे.

दुसरी गोष्ट अशी की निष्काळजीपणामुळे दृष्टीला इजा झाली असेल आणि भरपाई मागायची असेल, तर बीपी अर्ज त्यासाठी पुरेसे नाहीत. त्यासाठी एसएफ-९५ या फॉर्मवर सरकारकडे भरपाईचा वेगळा दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो आणि त्यात रक्कम आकड्यात लिहावी लागते. आम्ही ‘योग्य ती भरपाई’ असे लिहिले होते, ते चालले नाही.

कागदपत्रवाला
वरील अनुभवाला जोडून थोडे. अधिकाऱ्यांनी अर्जच दिला नाही, धमकावले किंवा दिशाभूल केली, तर तो उपाय ‘उपलब्ध’ नव्हता असे 2016 च्या मेरीलँडमधील प्रकरणानुसार म्हणता येते. अर्ज फाडल्याचा आरोप मूळ दाव्याशी गुंतलेला असेल तर त्याचा निर्णय ज्युरीने करावा, असेही 2025 मध्ये ठरले. पण या वाटेवर पुरावा लागतो, म्हणून कोणाकडे कधी अर्ज मागितला याची तारीखवार वही त्याने ठेवावी.

एक राहिले. प्रकृतीला तातडीचा धोका असेल तर वॉर्डनने तिसऱ्या दिवसापर्यंत उत्तर द्यावे अशी तरतूद आहे. इन्सुलिनसाठी नवा बीपी-९ भरताना पहिल्याच ओळीत धोका स्पष्ट लिहावा.

एडिसनची_मावशी
भाच्याशी आज फोनवर बोलले. मजकूर उद्या टपालात पडेल, आणि १४ तारखेचा दाखला देण्यास काउन्सेलर तयार आहे, पण तो सोमवारीच सही करणार आहे. सोमवार २१ तारखेला येतो.

कागदपत्रवाला
दाखल्यासाठी अपील अडवून ठेवू नये. विभागीय कार्यालयात नोंद झाल्याची तारीखच दाखल झाल्याची तारीख धरली जाते. बीपी-१० आजच पाठवू द्या, दाखला मागाहून जोडता येईल.