अनुदानाचा प्रस्ताव: आधी कलाकाराचं मानधन की लाभार्थ्यांचा आकडा?

खाडीकाठ

कलासंस्थांचे प्रस्ताव पहिल्या पानावरच मार खातात, कारण ते कलेची थोरवी सांगतात आणि काम सांगत नाहीत. 'समृद्ध वारसा', 'लोप पावत चाललेली कला', 'तरुण पिढीत जागृती' ही वाक्यं दशावताराच्या प्रस्तावातून उचलून शाहिरीच्या प्रस्तावात टाकली तरी चालतात. मग देणाऱ्यानं तुमचीच संस्था का निवडावी?

दशावताराचंच घ्या. सिंधुदुर्गात कार्तिकातल्या जत्रांबरोबर हंगाम सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर आटोपतो. संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, पुढचं नट रंगमंचावर उत्स्फूर्त बोलतात. त्यामुळे नवख्या मुलाच्या हातात संहिता देऊन भागत नाही, त्याला जुन्या नटाशेजारी रात्रभर उभं करावं लागतं. एवढं नीट लिहिलं की अंदाजपत्रक त्यातूनच निघतं: पावसाळ्यात तालीम, हंगामात मंडळासोबत फिरणं, शिकवणाऱ्या नटाचं मानधन, शिकणाऱ्याची बुडणारी मजुरी, पखवाज आणि पेटी वाजवणाऱ्यांचे पैसे.

म्हणून मी म्हणतो, प्रस्तावात सगळ्यात आधी मानधनाची ओळ लिहा. ती शेवटी लिहिली की छपाई, कॅमेरा आणि उद्घाटनातून उरेल तेवढ्यातच बसवली जाते. ज्याच्या नावानं पैसे मागितले, तोच स्वस्तात राबतो.

हिशेबनीस

भावना पटते, क्रम पटत नाही. कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीसाठी येणाऱ्या अर्जांची मी छाननी करतो. पहिल्या चाळणीत आख्यान कोणी वाचत नाही. आयकर कायद्याखालची १२ए आणि ८०जीची नोंदणी आहे का, सीएसआर-१ हा संस्थेच्या नोंदणीचा अर्ज भरून क्रमांक मिळाला आहे का, अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव कागदावर दिसतो का, लेखापरीक्षित ताळेबंद जोडले आहेत का, विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज गेला आहे का, हे पाहिलं जातं. यातलं एक नसलं तरी तुमचा पखवाज कितीही सुरात असो, फाईल बाजूला पडते.

कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या परिशिष्टात कला, संस्कृती आणि पारंपरिक कलांचं संवर्धन स्पष्ट नमूद आहे. त्याचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात हवा. फाईल संचालक मंडळासमोर नेणाऱ्या माणसाला तिथे 'किती जणांना उपयोग झाला?' याचं उत्तर द्यावं लागतं. आकडा मागणं हा कलेचा अपमान नाही. पैसा भागधारकांचा आहे.

शाहिराची लेक

हिशेबनीस, आकडा द्यावा हे मान्य. पण कोणता? 'लाभार्थी १०,०००' असं लिहितात तेव्हा ती जत्रेची गर्दी असते. ती माणसं देवाला आलेली असतात, अनुदान नसतं तरी आलीच असती. त्यापेक्षा असं लिहा: आठ मुलं निवडू, दोन हंगामांनंतर त्यातली चार तरी एखाद्या मंडळात राजपार्ट (राजाची भूमिका) किंवा स्त्रीपार्ट स्वतंत्रपणे करतील. हे जाऊन तपासता येतं. आठ हा आकडा लहान दिसतो म्हणून लाजायचं कशाला?

आणखी एक गोष्ट मला फार खुपते. सीएसआर निधीत प्रशासकीय खर्चावर असलेल्या ५ टक्क्यांच्या मर्यादेला घाबरून संस्था आपल्या समन्वयकाचा पगार 'प्रवास' आणि 'साहित्य' या खात्यांत लपवतात.

हिशेबनीस

ताई, हा गैरसमज मोडायलाच हवा. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, काम राबवणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१ च्या खुलाशात ते सांगितलं आहे. समन्वयकाचा पगार त्याच नावानं उघड लिहा. परदेशी निधीचं वेगळं आहे. तिथे परदेशी निधीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली, आणि ती संस्थेलाच लागू होते.

आठ मुलांचं उदाहरण चांगलं आहे. तरी मी माझ्या क्रमावर कायम आहे: पहिलं पान नोंदणीचं आणि निष्पत्तीचं, आख्यान नंतर.

पडद्यामागे

मला ही चर्चाच चुकीच्या टोकाला चाललेली दिसते. प्रस्ताव कसा लिहावा हे ठरवण्याआधी लिहावा का, हे विचारा. दशावतारी मंडळं सुपारीवर जगतात. गाव बोलावतं, देवस्थान पैसे देतं, खेळ होतो. अनुदान आलं की कार्यशाळा भरते, अनुदान संपलं की सतरंज्या गुंडाळल्या जातात. मध्ये प्रस्ताव लिहून देणारा टक्केवारी घेऊन जातो. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी स्वतःच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, ती प्रस्तावाच्या भाषेमुळे नव्हे.

खाडीकाठ

गंगावणे यांच्याबद्दल मलाही तितकाच आदर आहे, आणि म्हणूनच तुमचा निष्कर्ष मान्य नाही. चित्रकथीच्या पोथ्या म्हणजे कागदावरची चित्रं. कोकणातल्या दमट हवेत ती टिकवायची तर तज्ज्ञ लागतो, साठवणुकीची सोय लागते, दरवर्षी देखभाल लागते. सगळ्या महाराष्ट्राचा वारसा एका कुटुंबानं आपल्या खिशातून का सांभाळावा?

सुपारीवर खेळ चालतो, शिकवणं चालत नाही. उद्याच्या नटासाठी आज कुठलंही गाव सुपारी देत नाही. अनुदान मागायचं ते नेमकं त्या पोकळीसाठी, आणि हे वाक्य प्रस्तावात असलंच पाहिजे. टक्केवारीवर लिहून देणाऱ्यांबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. त्यांना दारात उभं करू नये. इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारखी कलांना अनुदान देणारी संस्था भारतीय भाषांतले प्रस्ताव स्वीकारते. मराठीत लिहा, ज्या नटाबद्दल लिहिलंय त्याला शेजारी बसवून वाचून दाखवा. तो म्हणेल, 'एवढ्या दिवसांत हे व्हायचं नाही', तर दिवस बदला.

हिशेबनीस, एक तुम्हालाही विचारतो. कंपनीचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि आमचा हंगाम तेव्हा ऐन भरात असतो. मार्चअखेर पैसे संपवा म्हणून फोन येतात. हे तुमच्या पहिल्या पानावर कुठे बसतं?

हिशेबनीस

अगदी पहिल्या पानावरच बसतं. प्रकल्प बहुवर्षीय म्हणून मांडा. नियमांत चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत मुदत आहे, आणि न खर्चलेली रक्कम कंपनी वेगळ्या खात्यात ठेवू शकते. पण तसं ठरवून मंजूर व्हायला हवं, मार्चमध्ये आठवून उपयोग नाही. कार्तिक ते वैशाख हे वेळापत्रक सुरुवातीलाच दाखवा. या एका बाबतीत तुमचं आख्यान माझ्या पहिल्या पानावर येऊ दे.

पडद्यामागे

पोथ्यांचा मुद्दा मान्य. शिकवण्याबद्दल मात्र अजून शंका आहे. अनुदान थांबल्यावर त्या आठ मुलांना कोण शिकवणार, याचं उत्तर ज्या प्रस्तावात नाही, तो मंजूर होऊ नये असंच मी म्हणेन.

शाहिराची लेक

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मंडळाच्या मालकाकडून लेखी घ्यावं: दोन हंगामांनंतर इतक्या मुलांना ठरलेल्या नाइटवर (एका खेळाच्या मानधनावर) ठेवू. ते पत्र प्रस्तावाला जोडा, दहा शिफारसपत्रांपेक्षा जास्त काम करेल.

आणि हप्त्यांकडे लक्ष द्या. सरकारी अनुदानात शेवटचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) दिल्यानंतर येतो, कधी कधी फार उशिरा. म्हणून नटांचं आणि वादकांचं मानधन पहिल्या हप्त्यात धरा, तेही हंगाम सुरू होण्याआधी त्यांच्या बँक खात्यात जाईल असं. अहवालाची छपाई आणि समारोपाचा कार्यक्रम शेवटच्या हप्त्यात टाका. थांबायचंच असेल तर छापखान्याचं बिल थांबू दे.